मामाच्या वाट्याचा जबडा

लुंबान दोलोक
८ फेब्रुवारी १९८८

माननीय पाळक मांगासी यांस,
प्रभूच्या नावाने सलाम.

आपण आमच्या संडे स्कूलसाठी पाठवलेले खोके शनिवारच्या बसने पोहोचले. आत निघाले ते असे: दृढीकरणाच्या प्रश्नोत्तरांची पुस्तके अकरा (एकाचे पुठ्ठे भिजलेले, आतले अक्षर शाबूत), रंगखडूंच्या डब्या सहा, मोठ्या टाइपाचे गीतांचे पुस्तक एक आणि पेन्सिलींचा जुडगा. बसवाल्याने पंधराशे रुपिया मागितले, मी हजारावर भागवले. खोक्याचा पुठ्ठा फेकला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर लहान मुलांनी नोहाचे तारू काढले आहे.

खोक्यात चिठ्ठी नव्हती. तीन वर्षे नसतेच, म्हणून ही तक्रार नाही, नुसती पोच आहे.

यंदा दृढीकरणाला अकरा जण बसले आहेत. विधी झावळ्यांच्या रविवारी, २७ मार्चला आहे. आपण वर्ग सुरू केलात तेव्हा तो भाताच्या कोठाराखाली कोंबड्यांच्या सोबतीने भरत असे. आता चर्चच्या मागच्या खोलीत भरतो आणि कोंबड्या फक्त पावसात येतात. अकरांमध्ये आमची दुमारियाही आहे. तिचे सगळे प्रश्न पाठ आहेत. दृढीकरणाच्या दिवशी मामाने भाचीच्या खांद्यावर आशीर्वादाचा विणलेला उलोस घालायचा असतो, हे आपल्याला मी सांगायला नको. रीत आहे म्हणून कळवले. आग्रह नाही.

घरी सर्व क्षेम. तोगु मेदानला मोटारीच्या गॅरेजात आहे. त्याच्या वडिलांचा कांदा बरा आला.

आपली,
तोगुची आई
(संडे स्कूलकरिता)

ता.क. भावाशी आधी समेट करून मग अर्पण करण्याचा जो धडा आहे, तो आपण तिकडे दुमाईत मोठ्या मुलांना कसा समजावता? इकडे एक मूल फार विचारते. कोण, ते महत्त्वाचे नाही.


२४ फेब्रुवारी

इतो,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींचं. ‘पोच मिळाली. त्या धड्याला पुस्तकात छापलेले उत्तर पुरेसे आहे.’ छापलेलं उत्तर तिला माझ्याआधी पाठ आहे, हीच तर अडचण आहे.

आता लिहूनच गेले ‘तिला’, तर सगळं लिहिते. ते मूल म्हणजे दुमारियाच.

आपल्या बाबांची पद्धत तुला आठवत असेल. आज्ञा म्हणायची, मग गुरूने विचारायचं, “याचा अर्थ काय?” आणि सगळ्यांनी एका सुरात अर्थ म्हणायचा. मीही तसंच शिकवते. त्या दिवशी अकराही जणांनी समेटाच्या धड्याचा अर्थ न अडखळता म्हटला. मला बरं वाटलं. दुमारियाने हात वर केला. वर्गात ती मला आई म्हणत नाही, गुरू म्हणते.

“गुरू, हे करायचं कधी?”

“काय?”

“समेट. अर्पणाच्या आधी की नंतर?”

“आधी. आत्ताच म्हणालीस ना तोंडाने?”

“मग तुम्ही दर रविवारी अर्पणाच्या थैलीत पाकीट टाकता, ते कसं काय?”

लिंदुंग म्हणून एक दांडगा मुलगा आहे, तो फस्सकन हसला. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्या दहाही जणांना ठाऊक आहे, इतो. गावात कुणाला ठाऊक नाही? मी तिला पाणी आणायला पाठवलं. माठ भरलेला होता.

घरी आल्यावर तिने चूल पेटवली, भात चढवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आई, मी त्या दिवशी उभी राहणार नाही.”

“का? काय झालं तुला?”

“पाळकबाबा विचारणार, हे सगळं तू मनापासून मानतेस का. मी म्हणायचं, मानते. पहिल्या बाकावर तू बसलेली. मामाची जागा रिकामी. मग मी काय मानते म्हणायचं?”

मी म्हटलं, मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस. ती म्हणाली, “भाऊबहीण एकमेकांना मारतात तशी ‘इतो’ म्हणून तू मामाला शेवटची हाक कधी मारलीस?” मी उद्याच्या तांदळातले खडे निवडत होते, ते निवडत राहिले.

तुला सांगायची गरज नाही, तरी झालेलं एकदा कागदावर सरळ मांडते, म्हणजे दोघांना एकच दिसेल. तोगुच्या दृढीकरणाचं जेवण होतं. डुक्कर आमच्या गोठ्यातलं. आपल्या खोऱ्यात जबडा मामाच्या मानाचा, हे शेंबड्या पोराला ठाऊक. कापणारा माझा दीर, त्याच्या डोळ्यांना तेव्हाही धड दिसत नव्हतं. वाटे पुकारताना पानं बदलली. जबडा गेला चर्चच्या पंचमंडळातले वडील बिन्सार यांच्यापुढे आणि तुझ्यापुढे आली बरगडी. बिन्सारनी तो उचलून खायला सुरुवातही केली. तू उठलास. तोगुच्या खांद्यावर नुकताच घातलेला उलोस काढून घेतलास, घडी केलीस आणि काखेत मारलास. मी सगळ्यांदेखत म्हटलं, “ज्याला प्रेमाने बरगडी खाता येत नाही त्याने प्रेमावर उपदेश करू नये.” त्यावर तू म्हणालास, “या गावात मला बहीण नाही.”

चूक कापणाऱ्याची होती. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. ज्यात माझी चूक नाही त्याची माफी मी काय म्हणून मागायची? हेच मी दुमारियाला सांगितलं. ती म्हणाली, “आई, याचा अर्थ काय?”

माझाच प्रश्न, माझ्याच आवाजात. मी पळी उगारली होती, मारली नाही.

तू पाळक आहेस. रबराच्या मळ्यांतली शंभर पोरं सांभाळतोस. हिला काय उत्तर द्यायचं ते तूच कळव.

तियोरिदा


१२ मार्च

इतो,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येत असेल, असं मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “टपाल वेळेवर येतं. तुम्ही बहीणभाऊ म्हणजे एकाच रेड्याची दोन शिंगं. एक इकडे वळतं, एक तिकडे, आणि मध्ये डोकं आमचं.” एवढं बोलून कांद्याला पाणी घालायला गेले. वर्षभरात ते एकदम इतकं बोलले नव्हते.

इकडे पेच वाढला आहे. दुमारियाचं बघून वर्गातल्या मारिंतानने घरी बापाला विचारलं, काकाच्या शेताचं पाणी तुम्ही का अडवता? बापाने तिला बाहेर उभं केलं, ती बाहेरूनच विचारत राहिली. लिंदुंग, तो हसणारा, आपल्या आजीला तिच्या सवतीच्या घरी घेऊन गेला. चाळीस वर्षांत त्या दोघी एका ओट्यावर बसल्या नव्हत्या. बसल्या म्हणे, सुपारी खाल्ली, आणि उठता उठता पुन्हा भांडल्या. आता गावभर पोरं फिरतात आणि म्हातारी माणसं त्यांना बघून दार लावून घेतात.

गेल्या आठवड्यात मंगळवारी वडील बिन्सार घरी आले. कॉफी घेतली, साखर दोनदा मागितली आणि मग म्हणाले, “तोगुच्या आई, तुम्ही मुलांना धडे देता की गावावर कोर्ट बसवता?”

मी म्हटलं, धडा पुस्तकातलाच आहे.

“पुस्तकातला धडा पुस्तकात शोभतो. तीन वर्षांपूर्वीचा तो जबडा, खाल्ला मी एका दुपारी, ढेकर मात्र सगळं गाव अजून देतंय. मला काय ठाऊक होतं तो कुणाचा ते? पुढ्यात आला, खाल्ला. वर तुमच्या दिराने मीठ जास्त घातलं होतं.” मला हसू आलं असतं. पण पुढे ते म्हणाले, “रविवारी सराव आहे. अकरापैकी एकही कमी उभं राहिलं तर पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ. तशी बोलणी झाली आहेत.”

इतो, तो वर्ग मी एकोणीस वर्षं सांभाळला. तू गेलास तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली होतीस.

रविवारी सरावाला दुमारिया अकरांच्या बाकावर बसली नाही, माझ्याशेजारी येऊन बसली. इथले पाळक तोरांग तरुण आहेत, मऊ बोलतात. त्यांनी विचारलं, दुमारिया कुठे? मी म्हटलं, “तिला कालपासून ताप आहे.”

चर्चमध्ये म्हटलं, वेदीपासून दहा हातांवर.

दुमारिया उठून उभी राहिली. “मला ताप नाही, पाळकबाबा. आई घाबरली आहे.”

कुणी हसलं नाही. लिंदुंगही नाही. पाळक फक्त म्हणाले, बरं, आणि पुढचं नाव घेतलं. घरी येताना ती माझ्या मागे दोन पावलं चालत होती. मला वाटलं, रागाने. मग लक्षात आलं, माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि मी लंगडत होते. ती माझ्या चालीने चालत होती.

मुलीला मी लहानपणापासून काय काय शिकवलं. जेवणाआधीची प्रार्थना दोन वर्षांची असताना, नाताळात सगळ्यांसमोर म्हणायचं वचन चार वर्षांची असताना, तेही न चुकता. इतर मुलं पुढे येऊन रडायची, ही खणखणीत म्हणायची आणि मी बाकावर ताठ व्हायची. मला वाटायचं, हीच वाढ. आता तिने तेच शब्द खरे धरले आहेत आणि मला तिची भीती वाटते. तुझ्या पोरांपैकी कुणी असं केलं आहे का? केलं असेल तर तू काय केलंस?

तियोरिदा


१९ मार्च

इतो,

घाईत लिहिते, बस दुपारी जाते.

काल मी पिशवी भरली. ठरवलं, जाते दुमाईला, एकदा तोंड दाखवते, तुला घेऊन येते, तू तिच्या खांद्यावर उलोस घाल, ती उभी राहील, वर्ग राहील, सगळं मिटेल. धाकट्या जावेकडून उसनी शालही आणली.

दुमारिया दारात उभी राहिली. “कुठे निघालीस?”

“तुझ्या मामाकडे. खूश झालीस का आता?”

“नको जाऊस.”

“महिनाभर हेच तर मागत होतीस!”

“मी उभी राहावी म्हणून निघाली आहेस ना? मग ते माझ्यासाठी झालं. वर्गासाठी झालं. मामासाठी कुठे झालं?” डोळ्यांत पाणी होतं तिच्या. “आई, मी तुला दंड लावत नव्हते. मला फक्त खोटं बोलायचं नव्हतं.”

मी पिशवी रिकामी केली. शाल परत दिली. जाऊ विचारत होती, इतक्यात परतलीस? सांगितलं, बस चुकली.

मला येता येत नाही. तू तरी ये. पाळक म्हणून नाही, मामा म्हणून. रविवार २७.

तियोरिदा


२८ मार्च, सोमवार

इतो,

शनिवारी संध्याकाळी बसवाल्याने पुडकं दिलं. वर तुझं अक्षर, ‘दुमारियाकरिता’. आत उलोस एक, लाल काठाचा, उंची विणीचा. तसा आता बालिगेच्या बाजारात मिळत नाही. सोबत चिठ्ठी नाही. या वेळी बसवाल्याने काही मागितलं नाही, तू तिकडेच दिले असतील.

मी तो उलोस छातीशी धरून चुलीपाशी उभी राहिले. म्हटलं, वाकला. माझा भाऊ वाकला. उद्या सकाळी तिचे वडील तिच्या खांद्यावर घालतील, मामाचा म्हणून, आणि होईल सगळं. मी तिला हाक मारली.

तिने उलोस हातात घेतला, काठावरून बोटं फिरवली. “किती सुंदर आहे गं.” मग विचारलं, “पण मामाचे हात कुठे आहेत यात?”

ती काही उर्मटपणे म्हणाली नाही. तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पुडक्यातून येतं ते कापड. मामा आपल्या हाताने खांद्यावर घालतो आणि तोंडाने आशीर्वाद देतो तेव्हा त्याचा उलोस होतो. तू हे विसरला असशील असं वाटत नाही. तुला यायचं नव्हतं आणि न येणंही सोसवत नव्हतं, असं मला वाटतं. मलाही पिशवी भरताना तसंच झालं होतं.

काल सकाळी तिने पांढरा ब्लाऊज, काळा स्कर्ट घातला. मला वाटलं, मन बदललं. चर्चमध्ये झावळ्या घेऊन लहान मुलं आत आली, गाणं झालं, आणि ती येऊन पुन्हा माझ्याशेजारी बसली. पाळक एकेक नाव घेत होते, एकेक जण उठत होता आणि ‘मानतो’, ‘मानते’ म्हणत होता. मारिंतान उठली. तिच्या बापाने शुक्रवारी पाणी सोडलं आहे. काकाने आभार मानले नाहीत, पण सोडलं आहे. लिंदुंग उठला, त्याचा आवाज पार पिपाणीसारखा झाला. दहा झाले. वडील बिन्सार माझ्याकडे बघत होते.

पाळकांनी तिचं नाव यादीतून काढलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं.

ती उठली.

“अजून नाही, पाळकबाबा,” ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. “मला मानायचं आहे. पण अजून नाही.” आणि खाली बसली.

पाळकांनी यादी मिटली. मग म्हणाले, “बरं. आम्ही थांबू.” आणि पुढची प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, गुरूचीच पोर. पण त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. एकोणीस वर्षं मी मुलांना त्या प्रश्नापाशी आणून उभं करते आहे, आणि प्रश्न ऐकून मग उत्तर देणारं मूल मला काल पहिल्यांदा दिसलं.

प्रभुभोजनाला दहाही नवे गेले. ती बसून राहिली. मीही बसून राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “अजून नाही.” तिने झावळीचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं.

उपासनेनंतर वडील बिन्सारनी वर्गाची किल्ली मागितली. दिली. यापुढे खोकं पाठवशील ते त्यांच्या नावाने पाठव. पुस्तकं त्याच पोरांच्या हातात जातील, एवढं पुरे. रंगखडू मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला सांग, खाली उंदीर आहेत. त्यांना ते माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रविवार होऊन गेला. वर्ग गेला. दुमारिया पुढच्या वर्षी उभी राहील की नाही, ते तिचं ती जाणे आणि प्रभू जाणे, मी विचारलेलं नाही. तुझ्याकडे येऊन मला आता मिळवायचं असं काही उरलेलं नाही. म्हणून आता येता येईल.

झोपण्याआधी ती प्रार्थना करते, भिंत पातळ आहे, मला ऐकू येते. तीन वर्षं रोज तुझं नाव तिच्या तोंडी असतं. वहिनीचं असतं, तुझ्या दम्याचंही असतं. माझ्या प्रार्थनेत नव्हतं. काल होतं. नाव घेतलं आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना, तेवढ्यावरच आमेन म्हटलं.

जूनमध्ये विकायचं म्हणून ठेवलेलं डुक्कर तोगुचे वडील बुधवारी कापवणार आहेत. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. कापणारा तोच माझा दीर. त्याला म्हटलं, या वेळी मी शेजारी उभी राहून बघणार आहे. म्हणाला, बघा, पण बोलू नका. जबडा मीठ लावून चुलीवर धुरी देऊन ठेवते, म्हणजे बसचा प्रवास सोसेल. बाकीचं मांस गावात वाटते, एक वाटा बिन्सारनाही देते. बहिणीने भावाच्या दारात कसं यावं, काय डोक्यावर घेऊन यावं, ते आईने मला शिकवलं होतं, मी विसरलेले नाही. चूक कुणाची ते तुझ्या दारात मी बोलणार नाही. तूही बोलू नकोस. तू बोललास तर मी ऐकून घेईन, एवढं मात्र आजच सांगत नाही, प्रयत्न करीन म्हणते.

तुझा उलोस मी घडी न मोडता परत आणते आहे. दुमारियाने विचारलं, “मीही येऊ?” म्हटलं, ये. सोबत तिरफळ आणते. बहीण डुक्कर आणते, मामाच्या घरून तिला मासा वाढायचा असतो, ती रीत तू सांभाळ.

ईस्टरनंतरच्या गुरुवारच्या बसने निघू. जबडा अख्खाच शिजवायचा, तोडायचा नाही, त्याला मोठं भांडं लागेल. वहिनीकडे तेवढं पातेलं आहे का, की इथून डोक्यावर आणू? एवढंच उलट टपाली कळव. दोन ओळी पुरेत.

तुझी इतो,
तियोरिदा